खोडातून गळणारे हॉर्स चेस्टनट आणि १९६९ साली भारतातून घेतलेला जिवाणू : एक प्रकरण अभ्यास

छातीच्या उंचीवर, सालीच्या एखाद्या बारीक भेगेतून थेंब बाहेर येतो. रंग गंजासारखा, कधी चहाच्या चोथ्यासारखा काळपट. ओल्या हवेत तो चिकट असतो, उन्हाळ्यात वाळून त्याची काळी खपली होते. वरची बुचासारखी साल पटाशीने जरा तासली की खालची अंतर्साल दिसते. निरोगी असेल तिथे ती पांढरट, किंचित मलईच्या रंगाची असते. रोगाच्या जागी नारिंगी-तपकिरी डाग असतात, आणि डागाच्या कडेला पाणी मुरल्यासारखी एक ओलसर रेघ असते. पुढचे सगळे काम त्या रेघेवर अवलंबून आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवली.

ब्रिटनमधल्या बागा, शाळांची आवारे आणि रस्त्याकडेच्या रांगांतली हॉर्स चेस्टनटची झाडे २००२-०३ च्या सुमारास अशी गळू लागली. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीतही त्याच काळात हेच दिसू लागले. २००७ मध्ये ब्रिटनच्या वनखात्याने पाहणी केली, तेव्हा तपासलेल्या झाडांपैकी ४९ टक्के झाडांवर कमी-अधिक लक्षणे सापडली. चार-पाच वर्षांत एका देशातली जवळजवळ निम्मी झाडे बाधित होण्यासारखा हा वेग होता. तो पाहून पहिला प्रश्न पडतो की हा जुनाच रोग भडकला, की बाहेरून काही नवे आले? लक्षणे पाहून याचे उत्तर मिळत नाही. जिवाणूच्या जनुकांमध्ये किती वैविध्य आहे ते मोजावे लागते, आणि मोजताना कोणती मोजपट्टी घेतली यावर उत्तर बदलते. या प्रकरणात ते प्रत्यक्ष बदलले.

झाडाबद्दल थोडे. हॉर्स चेस्टनट मूळचे बाल्कन डोंगरांतले. १५७६ मध्ये ते इस्तंबूलहून व्हिएन्नाला पोचले आणि तिथून युरोपभर शोभेचे झाड म्हणून लावले गेले. लंडनजवळच्या बुशी पार्कमधली त्याची दुतर्फा रांग १६९९ सालची आहे. म्हणजे जंगलात मिसळून वाढलेले हे झाड नाही. माणसाने रांगेने, एकाच जातीचे, एकमेकांच्या सावलीत लावलेले आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला रोगाला याहून सोयीची मांडणी मिळणार नाही. याचा हिमालयातला भाऊबंद म्हणजे इंडियन हॉर्स चेस्टनट, कुमाऊँ-गढवालकडे ज्याला पांगर म्हणतात. आपल्याकडच्या लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचा काहीही संबंध नाही, नावातले साम्य तेवढे आहे. हा पांगर पुढे या प्रकरणात मोठे काम करणार आहे.

पहिला अंदाज आणि तो का चुकला

खोडातून डिंक-पाणी गळताना दिसले की विदर्भातला संत्रा बागायतदार लगेच 'डिंक्या' म्हणतो आणि फायटोप्थोराचे औषध काढतो. फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू. बहुतेक वेळा त्या बागायतदाराचे बरोबरही असते. ब्रिटिश वृक्षतज्ज्ञांनी हेच केले. हॉर्स चेस्टनटच्या खोडातून स्राव येणे त्यांना नवीन नव्हते. दक्षिण इंग्लंडमध्ये फायटोप्थोराच्या एक-दोन जातींमुळे अशा तुरळक घटना १९७० च्या दशकापासून नोंदलेल्या होत्या. त्यामुळे सुरुवातीची तपासणीही त्याच दिशेने झाली.

पण गोष्टी जुळत नव्हत्या. फायटोप्थोराचे डाग बहुधा बुंध्याच्या तळाशी, मुळांच्या गळ्याजवळ सुरू होतात आणि वर चढतात. इथे जखमा खोडावर वर, जाड फांद्यांवर, कधी मनगटाएवढ्या फांदीवरही होत्या आणि तळ स्वच्छ होता. शिवाय फायटोप्थोरासाठीच्या निवडक माध्यमावर, म्हणजे तोच जंतू वाढेल अशा खाद्यावर, काहीच वाढत नव्हते. डागाच्या कडेचे तुकडे जिवाणूंच्या साध्या माध्यमावर ठेवल्यावर मात्र सारख्या, पांढरट-मलईरंगी वसाहती पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. नेदरलँड्समध्ये आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये २००८ पर्यंत हा रोगकारक स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू असल्याचे आणि त्यातही एस्क्युली नावाचा उपगट (पॅथोव्हार) असल्याचे निश्चित झाले.

आणखी एक गोंधळ त्याच वर्षांत आला. हॉर्स चेस्टनटची पाने पोखरणारी एक बारीक पतंगाची अळी २००२ मध्ये लंडनमध्ये प्रथम सापडली. तिच्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच झाडे तपकिरी दिसू लागली. दुरून पाहणाऱ्याला रोग आणि अळी एकच वाटले. पानांवरून या जिवाणूची पाहणी करू नये हा नियम इथूनच आला. पाने गळलेली असतानाही खोड स्वच्छ असेल, तर तो वेगळा रोगी समजावा.

पॅथोव्हार म्हणजे काय

पॅथोव्हार म्हणजे जातीच्या आतला यजमानानुसार केलेला गट. डाळिंबावरच्या तेल्याचा झँथोमोनास जिवाणू 'प्युनिकी' या पॅथोव्हारचा, तर लिंबावरच्या खैऱ्याचा त्याचा नातलग 'सिट्री'चा. प्लेटवर ठेवले तर दोन्ही पिवळ्या, चकचकीत, ओळखू न येणाऱ्या वसाहती. फरक झाडावर टोचल्यावर कळतो. स्यूडोमोनास सिरिंगीचे असे ५० हून अधिक पॅथोव्हार नोंदलेले आहेत.

'एस्क्युली' हे नाव भारतातून आले. भारतात १९६९ साली पांगराच्या पानांवरच्या ठिपक्यांमधून एक जिवाणू वेगळा केला गेला. दुर्गापाल आणि सिंग यांनी १९८० मध्ये त्याला पॅथोव्हार म्हणून नाव दिले आणि त्याचा नमुना इंग्लंडमधल्या वनस्पती-रोगकारक जिवाणूंच्या राष्ट्रीय संग्रहात गेला. तिथे त्याचा क्रमांक ३६८१. हाच या पॅथोव्हारचा प्रमाण नमुना. कित्येक वर्षे तो संग्रहात पडून होता. युरोपातली झाडे गळू लागली नसती तर त्याच्याकडे कोणी परतून पाहिलेही नसते.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की भारतातला नमुना पानावरचा आहे, पांगरावरचा आहे, आणि रोग ठिपक्यांचा आहे. युरोपातला रोग सालीचा आहे, दुसऱ्या जातीच्या झाडावरचा आहे, आणि झाड मारणारा आहे. नाव मात्र एकच.

सात जनुकांची चाळणी

ब्रिटिश फॉरेस्ट रिसर्च संस्थेच्या सारा ग्रीन, नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेतले डेव्हिड स्टडहोम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ब्रिटनमधल्या एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणचे तीन स्ट्रेन, म्हणजे या जिवाणूचे वेगवेगळे मिळवलेले शुद्ध वाण, घेतले, सोबत भारतीय प्रमाण नमुना घेतला, आणि आधी नेहमीची पद्धत वापरली. ती अशी की जिवाणूच्या रोजच्या जगण्याला लागणारी, प्रत्येक स्यूडोमोनासमध्ये असणारी सात जनुके निवडायची, प्रत्येकाचा ठरलेला तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवायचा, वाचायचा आणि एकमेकांशी ताडून पाहायचा.

निकाल आला तो असा की चारही एकसारखे. सातही जनुकांत डीएनएच्या एका अक्षराचाही फरक नाही.

इथे थांबले असते तर निष्कर्ष निघाला असता की भारतातला आणि ब्रिटनमधला जिवाणू एकच, म्हणजे तो भारतातूनच आला. शहरी झाडांच्या रोगांवरच्या पुष्कळ कामांत असेच थांबले जाते, कारण सात जनुके वाचणे स्वस्त आहे आणि 'एकसारखे' हा शब्द शेवटचा वाटतो. पण हिशेब करून पाहा. सात तुकडे मिळून सुमारे ३ हजार अक्षरे होतात. या जिवाणूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सुमारे ६० लाख अक्षरांचा. म्हणजे आपण जीनोमचा दोन हजारावा भाग पाहिला. समजा, दोन स्ट्रेनमध्ये दर ४ हजार अक्षरांमागे एक फरक आहे, म्हणजे सगळा जीनोम धरला तर दीड हजार फरक. तरीही ३ हजार अक्षरांच्या त्या खिडकीत एक फरक दिसण्याचीही खात्री नाही. त्यातून ही सात जनुके मुद्दाम निवडलेली असतात ती न बदलणारी म्हणूनच. त्यांच्यात बिघाड झाला तर जिवाणू जगत नाही, म्हणून फरक टिकत नाहीत.

या चाळणीची भोके मोठी आहेत. घराणे कोणते ते ती चोख सांगते, आणि सांगितलेही: एस्क्युली हा झाडांवर जगणाऱ्या पॅथोव्हारांच्या वेगळ्या फांदीत बसतो. ऑलिव्हच्या फांद्यांवर गाठी आणणारा जिवाणूही त्याच्या जवळच्या नात्यातला. पण एकाच घराण्यातले सख्खे कोण आणि चुलत कोण, हे या चाळणीतून खाली पडून जाते.

पूर्ण जीनोम वाचल्यावर

मग चारही स्ट्रेनचे जीनोम इल्युमिना या डीएनए वाचणाऱ्या यंत्रावर वाचले गेले आणि चित्र बदलले. तीन ब्रिटिश स्ट्रेन एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते. भारतीय प्रमाण नमुना मात्र त्या तिघांपासून पुष्कळच लांब होता. एकेका अक्षराच्या फरकांवरून दिसले की ब्रिटिश तिघे एकमेकांपासून अगदी अलीकडे फुटले आहेत, आणि त्यांच्या पूर्वजाची भारतीय नमुन्यापासूनची फारकत त्याच्या कितीतरी आधीची आहे. यावरून अभ्यासकांनी अनुमान काढले की हा जिवाणू ब्रिटनमध्ये अलीकडे, एकाच वेळच्या प्रवेशातून आला असावा.

वाक्यातला 'असावा' महत्त्वाचा आहे. वैविध्य कमी असणे म्हणजे वंश एक असणे, इतके नक्की. प्रवेश एकच वेळ झाला का, हा निराळा प्रश्न. त्याच काळात इंग्लिश खाडीपलीकडच्या देशांतही हाच रोग होता. तिथल्या एखाद्या रोपवाटिकेत एकच वंश पसरला असेल आणि तिथून तीन वेगळ्या ट्रकमधून रोपे आली असतील, तरी ब्रिटनमध्ये दिसणारे चित्र हेच असेल. शिवाय नमुने तीनच होते. आणि भारतीय नमुना हा पूर्वज नव्हे. तो लांबच्या चुलत्यासारखा आहे. युरोपातल्या साथीचा उगम हिमालयात आहे असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि तसे छापले जाते तेव्हा ते चूक असते.

एकेका अक्षराच्या फरकांहून अधिक बोलके होते ते अख्खे आलेले किंवा गेलेले जनुकसमूह. एस्क्युलीत असे तुकडे सापडले जे टोमॅटो, घेवडा अशा मऊ देठाच्या झाडांवरच्या पॅथोव्हारांत नव्हते. त्यातला एक समूह वनस्पतीतले सुगंधी वलयाचे संयुग, म्हणजे फिनॉलच्या जातीचे पदार्थ, फोडून खाण्याचा. दुसरा एंटरोबॅक्टिन बनवण्याचा, म्हणजे आजूबाजूचे लोह ओढून घेणाऱ्या रेणूचा.

सालीत याचा उपयोग काय, ते झाडाच्या बाजूने पाहिले की पटते. साल ही फिनॉल आणि टॅनिनने भरलेली भिंत आहे. जखम झाली की झाड तिथे हे पदार्थ आणखी ओतते, म्हणून तर डाग तपकिरी पडतो. बहुतेक जिवाणूंना ते विष आहे. ज्याच्याकडे ते फोडायची जनुके आहेत त्याला मात्र झाडाने स्वतःच ताट वाढून दिले. लोहाचेही तेच आहे. सालीत मोकळे लोह फार कमी असते, आणि जो ते आधी पकडेल तो टिकतो. ही जनुके झाडांवर जगण्याच्या सवयीशी जोडलेली आहेत, हे पुढे २०१६ मध्ये ग्रीन यांच्या गटाने कितीतरी अधिक स्ट्रेनचे जीनोम ताडून दाखवले.

पॅथोव्हारच्या आतही सगळे सारखे नव्हते. चौथ्या प्रकारची स्रवण यंत्रणा (प्रथिने किंवा डीएनए पेशीबाहेर पाठवणारी), मेदाम्ले बनवण्याचा एक नवा मार्ग, आणि साखर, म्हणजे सुक्रोज, आत घेण्याची यंत्रणा या तीन समूहांत स्ट्रेनांमध्ये फरक सापडले. अंतर्सालीतून झाडाची साखरच वाहत असते, त्यामुळे शेवटचा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण एखादे जनुक असणे आणि ते सालीत रोगासाठी कामी येणे यांत अंतर आहे. ते जनुक काढून टाकून, झाडावर टोचून पाहिल्याशिवाय त्याला रोगाचे कारण म्हणू नये.

शेजारचे उदाहरण कीवीच्या वेलांचे. तिथे स्यूडोमोनास सिरिंगीच्याच ॲक्टिनिडी या पॅथोव्हारने २००८ मध्ये इटलीत आणि २०१० मध्ये न्यूझीलंडमध्ये बागा मारल्या. मूळ जीनोम पाहिला तर दोन्ही साथी एकाच वंशाच्या. पण जीनोममध्ये शिरून बसलेले, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारे तुकडे पाहिले, तर इटलीचा तुकडा वेगळा, न्यूझीलंडचा वेगळा. म्हणजे दोन्हीकडे तो पूर्व आशियातल्या वैविध्यपूर्ण साठ्यातून स्वतंत्रपणे पोचला असावा. एकाच प्रकारचे फरक मोजून समाधान मानू नये, हे सांगायला याहून चांगला दाखला नाही.

झाडापासून प्लेटपर्यंत

आता प्रत्यक्ष काम, कारण वैविध्याचा अभ्यास बिघडतो तो बहुधा संगणकावर नाही, झाडाखाली.

३० झाडांची परवानगी असेल तर एकाच बागेतली ३० घेऊ नयेत. शहराच्या सहा भागांतली पाच-पाच घ्यावीत. त्यातल्या निदान एका झाडावर मात्र तीन वेगळ्या जखमांमधून नमुने घ्यावेत, म्हणजे एकाच झाडाच्या आत किती फरक असतो ते कळते. तो आकडा हातात नसेल तर दोन भागांतल्या झाडांमधला फरक मोठा की छोटा, हे ठरवायला आधारच उरत नाही.

हंगाम हिवाळ्याचा शेवट ते वसंताची सुरुवात. हा जिवाणू सालीवरच्या वल्करंध्रांतून (हवा खेळवणाऱ्या बारीक छिद्रांतून), पाने गळल्यावर राहणाऱ्या व्रणांतून आणि पेरांपाशी आत शिरतो, आणि फांद्यांवरच्या नव्या जखमा मुख्यतः झाड सुप्त असताना तयार होतात. ऑगस्टमधल्या कोरड्या, खपली धरलेल्या जुन्या जखमेतून मेलेल्या सालीवर जगणारे भलतेच जिवाणू निघतात आणि खरा रोगकारक त्यात हरवतो. खोडावरच्या हातभर जखमेपेक्षा फांदीवरची बोटभर नवी जखम केव्हाही बरी. झाडालाही इजा कमी होते.

सालीवर ७० टक्के अल्कोहोल फिरवून वाळू द्यावे. पटाशी अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवावी, आणि प्रत्येक झाडाला, शक्यतो प्रत्येक जखमेला, नव्याने. हे टाळले तर दोन झाडांवर एकच स्ट्रेन सापडतो आणि तो पटाशीने नेलेला असतो. बुचासारखी वरची साल काढून ती ओलसर रेघ शोधावी. अर्धा भाग निरोगी, अर्धा रोगट येईल असे ३ ते ५ मिलिमीटरचे चार-पाच तुकडे घ्यावेत. डागाच्या मधोमधचा तुकडा घेऊ नये, तिथे मेलेले अवशेषच जास्त. पिशवीवर तारीख, झाडाचा क्रमांक, जखमेची उंची आणि दिशा लिहावी. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशवीला नमुना थेट चिकटू न देता ठेवावा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत न्यावा.

तिथे तुकडे १ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात कुस्करून अर्धा तास ठेवायचे आणि त्या पाण्याची रेघोटी प्लेटवर ओढायची. माध्यम किंग्ज बी. लिटरला पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिलिलिटर, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, सामू ७.२. बुरशी दाबायला सायक्लोहेक्झिमाइड घालतात. ते माणसालाही विषारी आहे, वजन करताना हातमोजे आणि मुखपट्टी हवी.

प्लेटी २५ अंश सेल्सिअसला दोन ते चार दिवस. वैद्यकीय प्रयोगशाळेच्या सवयीने त्या ३७ अंशाच्या कपाटात गेल्या तर काहीही उगवत नाही आणि झाड निर्दोष ठरते.

अतिनील दिव्याखाली पाहताना एक फसगत ठरलेली आहे. किंग्ज बी वर चमकणारे स्यूडोमोनास हिरवट-पिवळे दिसतात, हे सगळे शिकतात. पण हॉर्स चेस्टनटच्या सालीतच एस्क्युलिन नावाचे संयुग असते आणि ते अतिनील प्रकाशात निळे चमकते. सालीचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून दिव्याखाली धरला तर त्यातून निळा धूर उतरल्यासारखा दिसतो, इतके ते ठळक असते. तुकडे थेट प्लेटवर ठेवले तर त्यांच्याभोवती निळे वलय पसरते आणि नवखा माणूस त्यालाच जिवाणूची चमक समजतो. उलट बाजूनेही सांभाळावे लागते, कारण चमकणारे पण निरुपद्रवी स्यूडोमोनास सालीवर भरपूर असतात. म्हणून चमक ही फक्त पहिली खूण. त्यापुढे साखरेपासून लेव्हान हा चिकट पदार्थ बनणे, ऑक्सिडेज हे विकर नसणे, बटाटा न कुजवणे, आर्जिनिन हे अमिनो आम्ल न फोडणे आणि तंबाखूच्या पानात टोचल्यावर २४ तासांत ती जागा कोमेजणे, या पाच चाचण्या. सगळ्या जुळल्या की स्यूडोमोनास सिरिंगी. पॅथोव्हार ठरवायला गायरेज बी जनुकाचा तुकडा वाचावा. नेहमीचे १६ एस जनुक इथे कामाचे नाही, ते पॅथोव्हार वेगळे करू शकत नाही.

सालीतून थेट डीएनए काढून पीसीआर करायचा असेल तर टॅनिन आड येते. पीसीआरच्या निकालाची पट्टी दिसत नाही आणि नमुना 'नाही' म्हणून नोंदला जातो. काढताना टॅनिन धरून ठेवणारे पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन घालावे, डीएनए दहापट पातळ करूनही एकदा चालवावा, आणि प्रत्येक नमुन्यासोबत माहीत असलेला डीएनए मुद्दाम मिसळून एक नळी ठेवावी. तीही कोरी आली तर दोष जिवाणूच्या नसण्याचा नाही, टॅनिनचा आहे. 'आहे' आले तरी जिवाणू जिवंतच आहे असे समजू नये. मेलेल्याचा डीएनएही पीसीआरला चालतो.

प्लेटपासून जीनोमपर्यंत

जीनोमसाठी एकाच वसाहतीपासून तीनदा शुद्ध केलेला स्ट्रेन लागतो. दोन स्ट्रेन मिसळलेले राहिले तर वाचनात एकाच जागी दोन अक्षरे येतात आणि संगणक त्यातले एक निवडून खोटा फरक तयार करतो. ५० पट खोली, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचणे, पुरते. ६० लाख गुणिले ५०, म्हणजे ३० कोटी अक्षरे. १५० अक्षरांच्या जोड्या असतील तर १० लाख जोड्या.

फरक मोजताना १० पेक्षा कमी वाचने असलेली जागा सोडून द्यावी. जिथे ९० टक्क्यांहून कमी वाचने एका अक्षरावर एकमत आहेत तीही. पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, विषाणूंचे अवशेष आणि प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्रापासून सुटे असलेले डीएनएचे तुकडे) झाकून ठेवावेत. थोड्याशा लांबीत एकदम २०-३० फरक दिसले तर ते सावकाश साचलेले बदल नसतात. तो दुसऱ्या जिवाणूकडून उसना आलेला एकच तुकडा असतो, आणि वंशवृक्ष काढण्याआधी तो बाजूला काढावा लागतो. नाहीतर एका दिवसाची घटना शंभर वर्षांची फारकत वाटते.

संदर्भ जीनोम, म्हणजे ज्याच्याशी वाचने ताडायची तो, कोणता, हेही बघावे. टोमॅटोवरच्या स्ट्रेनशी ताडले तर टोमॅटोवाल्यात नसलेले तुकडे कुठेच बसत नाहीत आणि यादीतून गळतात. या प्रकरणात झाडाशी संबंधित सगळ्यात रंजक जनुके नेमकी अशीच होती. म्हणून आधी संदर्भाशिवाय जुळणी करावी, मग तुलना.

आणि एक काम जे खर्च वाचवायला हमखास गाळले जाते: एकाच वसाहतीचा डीएनए दोनदा काढून दोनदा वाचणे. त्या दोन वाचनांत २ फरक आले, तर दोन शहरांतल्या स्ट्रेनांमधल्या ३ फरकांवर प्रसाराचा नकाशा काढता येत नाही. ब्रिटिश स्ट्रेनांसारखे जवळचे नमुने असताना हा दुसरा डीएनए बाकी कुठल्याही विश्लेषणाहून महत्त्वाचा ठरतो.

शहराच्या हाती काय आले

वैविध्य कमी आहे या निकालाचा पहिला उपयोग तपासणीला होतो. एका शहरात बसवलेली पीसीआर चाचणी दुसऱ्या शहरात तशीच चालते, कारण दोन्हीकडे वंश एकच. दुसरा उपयोग झाडांच्या निवडीला. सगळी रांग गळत असताना मध्येच स्वच्छ उभे असलेले झाड एकाच वंशाला तोंड देत आहे, त्यामुळे त्याच्या कलमांची चाचणी घेण्यात अर्थ आहे. पण ती चाचणी याच वंशापुरती. वेगळी जनुके बाळगणारा दुसरा वंश रोपांबरोबर आला तर तीच कलमे पडू शकतात. म्हणून एकदा रोग आलाच आहे, आता रोपे तपासून काय उपयोग, हा युक्तिवाद धोकादायक आहे. दुसरा प्रवेश पहिल्याहून वाईट असू शकतो.

बाधित झाड लगेच तोडू नये. या रोगावर फवारणीचे औषध नाही, पण बरीच मोठी झाडे जखमेभोवती नवी साल चढवून सावरतात. तरुण झाडांचे तसे नाही. १० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला जखम लवकर वेढा घालते आणि ते तीन-पाच वर्षांत मरू शकते. नेदरलँड्समध्ये बाधित झाडाला ३९ अंश सेल्सिअस तापमान ४८ तास देऊन जिवाणू मारता येतो आणि झाड तगते, असे २०१२ मध्ये दाखवले गेले. तरुण झाडाच्या खोडाला तापवणारे आवरण गुंडाळणे जमण्यासारखे आहे, शंभर वर्षांच्या वृक्षाला नाही. छाटणी कोरड्या हवेत, हत्यारे दर झाडागणिक पुसून. छाटलेल्या फांद्यांची शक्यतो जागेवरच विल्हेवाट लावावी आणि त्यांचा भुगा रोपवाटिकेकडे जाऊ देऊ नये. मोकळ्या झालेल्या खड्ड्यात पुन्हा हॉर्स चेस्टनट लावू नये. लाल फुलांचा संकरही या रोगापासून सुटलेला नाही.

उगमाचा प्रश्न मात्र एका नमुन्यावर सुटणार नाही. हिमालयातल्या रानातल्या पांगराच्या पानांवरून आणि सालीवरूनही, वेगवेगळ्या खोऱ्यांतून नमुने हवेत. बाल्कनमधल्या रानातल्या हॉर्स चेस्टनटवरूनही हवेत. रोग दिसत नसलेल्या झाडांवरूनसुद्धा, कारण जिथे जिवाणू आणि झाड दीर्घकाळ एकत्र राहिले आहेत तिथे रोग सौम्य आणि वैविध्य जास्त असण्याची शक्यता असते. प्रत्येक शुद्ध स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला, तीन नळ्यांत: एक कामाला, एक राखीव, एक दुसऱ्या शहरातल्या संग्रहात. नळीवर यजमानाची जात, पान की साल, गाव, उंची, तारीख. १९६९ च्या नमुन्याबरोबर यजमान, अवयव, देश आणि वर्ष या चार गोष्टी लिहिलेल्या होत्या, म्हणून ४१ वर्षांनी त्याच्याशी तुलना करता आली.